‘बघून घेतो’ म्हटलं की गुन्हा होतो का?

धमकीबद्दलची पत्रं थांबत नाहीत आणि त्यातला गोंधळही तोच असतो. म्हणून या वेळी सगळी एकत्र.

प्रश्न : धमकी २०२३ मध्ये दिली, तक्रार आत्ता द्यायची आहे. कलम ५०६ की ३५१?

जुन्या दंड संहितेतलं ५०६. कलम ३५१ हे भारतीय न्याय संहितेतलं, आणि ती १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तारीख गुन्ह्याची बघतात, तक्रारीची नाही.

प्रश्न : भाडेकरूला म्हटलं, ‘घर सोड, नाहीतर कोर्टात खेचीन.’ तो म्हणतो, धमकीची केस करतो.

करू दे. कायद्याचा मार्ग धरीन म्हणणं म्हणजे धमकी नव्हे. मात्र ‘सामान रस्त्यावर फेकीन’ असंही बोलून गेला असाल, तर त्याच्या आधी तुम्ही वकील गाठा.

प्रश्न : बांधाच्या वादात चुलतभावाने शिवीगाळ करून जीवे मारण्याची धमकी दिली. पोलिसांनी नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद घेतली. पैसे खाल्ले असतील का?

‘शिवीगाळ करून जीवे मारण्याची धमकी दिली.’ पोलीस ठाण्याबाहेर अर्ज टाइप करणाऱ्यांना हे वाक्य पाठ असतं. मी अशिलाला विचारतो, तो नेमकं बोलला काय? अशील अर्जाकडे बघतो.

अहो, सगळी केस त्या शब्दांवर उभी राहते! कलम ३५१ ला दोन गोष्टी लागतात. शरीर, मालमत्ता किंवा लौकिकाला बाधा आणण्याची धमकी ही पहिली. दुसरी म्हणजे हेतू : समोरच्याला धास्तावणं, किंवा जे करणं त्याच्यावर बंधनकारक नाही ते करायला लावणं, किंवा हक्काचं काम सोडायला लावणं. कायद्यातलं उदाहरणच बघा : समोरच्याने दिवाणी दावा पुढे चालवू नये म्हणून घर जाळण्याची धमकी. ‘तुला बघून घेतो’ हे भांडणातलं बोलणं बहुधा हवेतच विरतं. ‘मोजणीचा अर्ज मागे घे, नाहीतर कडब्याची गंजी पेटवतो’ यात आग आली, हेतूही आला. साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ठार मारण्याची, जबर दुखापतीची किंवा आगीने मालमत्ता नष्ट करण्याची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत. नुसत्या शिव्यांवर भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विक्रम जोहर प्रकरणात २०१९ मध्ये सांगून झालंय. तेव्हा घरी आल्याबरोबर वहीत लिहून ठेवा : कोण, कुठे, किती वाजता, कुणासमोर आणि त्याच्याच तोंडचे शब्द, शिवीसकट. लाज वाटते म्हणून गाळू नका.

आता एनसी. पैसे खाल्ल्याची गोष्ट पारावरची. फौजदारी कामकाजाचा कायदा म्हणजे नागरिक सुरक्षा संहिता; तिच्या अनुसूचीत ही धमकी, सात वर्षांची असली तरी, अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. तो आदेश मागायचा असतो, आणि इथेच लोक एनसीची प्रत कपाटात ठेवून मोकळे होतात. सोबत एक जरी दखलपात्र गुन्हा असेल, उदाहरणार्थ तो घरात घुसला असेल, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. ती प्रत आणि तुमची वही घेऊन याच आठवड्यात फौजदारी वकिलाला भेटा.

प्रश्न : धमकी व्हॉट्सॲपवर आली. स्क्रीनशॉट आहे, फोन एक्स्चेंजमध्ये दिला. चालेल?

अवघड केलंत. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीला साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्याखाली जालन्याच्या खोतकर निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते अनिवार्यच ठरवलं होतं. ‘कोर्टात हमखास चालणारा पुरावा बनवून देतो’ अशा जाहिरातींना पैसे देऊ नका. चॅटचा बॅकअप शोधा, कशालाही हात न लावता वकिलाला दाखवा.

प्रश्न : बँकेचा वसुली एजंट रात्री दहाला फोन करून धमकावतो. हप्ते खरंच थकलेत.

थकले असले तरी. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलंय. बँकेला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. फोटो पसरवीन म्हणून पैसे मागत असेल तर ती खंडणीही ठरू शकते. मग थेट पोलीस ठाणं.

प्रश्न : धमकीला चार वर्षं झाली. आता काही करता येईल?

साध्या धमकीची दखल घ्यायला न्यायालयाला तीन वर्षांची मुदत आहे. सात वर्षांच्या प्रकाराला ती नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटावं लागतं. तुमची धमकी कुठल्या प्रकारात बसते ते वकिलाकडून तपासून घ्या. आणि ‘आपसात मिटतंय का बघत होतो’ हे कारण घेऊन जाऊ नका.