शिक्षक म्हणून प्रथमच मोठ्या शैक्षणिक तंत्रज्ञान परिषदेला जात आहे. तीन दिवसांत नेमके काय करावे?

शाळेने तुम्हाला पाठवायचे ठरवले आहे, कार्यक्रमपत्रिकेत शेकडो सत्रे आहेत आणि त्यांतले काय पाहावे, काय सोडावे हे उमगत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मी गणित शिकवते आणि अशा दोन परिषदांना जाऊन आले आहे. पहिली जवळजवळ वाया गेली. दुसरीमुळे अपूर्णांक शिकवण्याची माझी पद्धत बदलली. फरक पडला तो एवढ्यानेच की, दुसऱ्या वेळी मी माझ्या वर्गातली एक अडचण कागदावर लिहून बरोबर नेली होती.

आधी आपली परिषद कोणत्या प्रकारची आहे ते पाहून घ्या. १९७९ साली स्थापन झालेल्या ‘इस्टे’ या अमेरिकी संस्थेच्या वार्षिक परिषदेत हजारो शिक्षक येतात आणि अनेक सत्रे स्वतः शिक्षकच घेतात. लंडनला जानेवारीत भरणारे, १९८५ पासून चालत आलेले ‘बेट’ हे मात्र मुळात प्रदर्शन आहे. तिथे व्याख्यानेही होतात, पण मुख्य भर कंपन्यांच्या दालनांवर असतो. पहिल्या प्रकारच्या परिषदेत सत्रे निवडण्यात वेळ घालवावा. दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी जाताना विचारायचे प्रश्न तयार ठेवावेत.

बरोबर न्यायची अडचण मात्र नेमकी हवी. ‘वर्गात तंत्रज्ञान कसे वापरावे’ असा प्रश्न घेऊन गेलात, तर प्रत्येक सत्र उपयोगाचे वाटेल आणि परतल्यावर हाती काहीच उरणार नाही. माझा प्रश्न असा होता: अपूर्णांकांची तुलना करताना मुलाचे उत्तर चुकले हे मला वहीत दिसते, पण ते का चुकले हे चाचणी होऊन गेली तरी कळत नाही; ते आधीच कसे कळावे?

त्याचे उत्तर मला मोठ्या सभागृहात मिळाले नाही, ते पोस्टरच्या दालनात मिळाले. या दालनात लांबलचक टेबलांच्या रांगा असतात, प्रत्येक टेबलामागे एक शिक्षक आपल्या वर्गातला प्रयोग मांडून उभा असतो आणि तुम्ही समोर थांबून हवे ते विचारू शकता. एका शिक्षिकेच्या टेबलावर जुना टॅब्लेट आणि हेडफोनची एक जोडी, एवढेच साहित्य होते. तिच्या वर्गातली मुले उदाहरण सोडवल्यावर, ते कसे सोडवले हे एका मिनिटात स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करत. पालकांची संमती घेऊन आणि मुलांची नावे काढून तिने काही नमुने ऐकायला ठेवले होते. मी हेडफोन लावला. एक मूल ठामपणे सांगत होते की, एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा, कारण चार तीनपेक्षा मोठे. मग आवाज थांबला, दोन-तीन सेकंद नुसतीच शांतता होती, आणि नंतर हळूच ऐकू आले, “थांबा, चार जणांत वाटले तर प्रत्येकाला कमीच येईल ना?” प्रश्नमंजूषेच्या अ‍ॅपने या मुलाच्या नावापुढे चूक किंवा बरोबर, एवढेच नोंदवले असते. ती मधली शांतता मला कोणत्याही अ‍ॅपने दाखवली नसती. मी त्या टेबलापाशी बराच वेळ थांबले, सगळे नमुने ऐकायला तिला किती वेळ लागतो हे विचारले, आणि ती रोज फक्त पाच मुलांचे ऐकते हे उत्तर वहीत उतरवून घेतले.

म्हणून माझा आग्रह असा की, पोस्टरच्या दालनाला किमान अर्धा दिवस द्या. सत्रे निवडताना शीर्षकात केवळ साधनाचे नाव असेल तर सावध राहा. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षणाच्या अभ्यासकांनी २००६ साली ‘टीपॅक’ ही चौकट मांडली. विषयाचे ज्ञान, तो शिकवण्याचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान एकमेकांत मिसळले तरच वर्गात उपयोग होतो, असा तिचा गाभा आहे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत वक्त्याने कोणता विषय, कोणत्या इयत्तेची मुले आणि त्यांना नेमके काय जड जात होते हे सांगितले नाही, तर शांतपणे उठून दुसऱ्या सत्राला जावे. अशा परिषदांत लोक ये-जा करतच असतात, त्यात अनादर नाही. प्रत्यक्ष हाताळणीच्या कार्यशाळांच्या जागा मर्यादित असतात, त्यामुळे त्यांची नोंदणी आधीच करून ठेवा.

प्रदर्शनाबाबत माझा अनुभव कडू आहे. पहिल्या परिषदेत एका कंपनीच्या स्टॉलवरचे प्रात्यक्षिक पाहून मी इतकी भारावले की, शाळेला त्या साधनाची शिफारस केली. वर्गात चाळीस मुलांनी एकाच वेळी ते उघडताच पडदे गोठले, आणि वर्षाच्या शेवटी मुलांचे काम बाहेर काढून घेण्याची सोयच त्यात नाही हे लक्षात आले. स्टॉलवर एकच यंत्र चांगल्या जोडणीवर चालत असते, हे मी विचारात घेतले नव्हते. आता मी आधी विचारते: इंटरनेट संथ असेल किंवा नसेलच तर हे कसे चालते, मुलांची माहिती कुठे साठवता, आम्ही वापर थांबवला तर ती पुसता का, आणि मुलांचे काम आम्हाला कोणत्या स्वरूपात परत मिळेल? गळ्यातल्या बॅजवरचा क्यूआर कोड स्कॅन करू देताना आपला संपर्क त्या कंपनीकडे जातो, हेही ध्यानात असू द्या. नको असेल तर स्पष्ट नाही म्हणावे.

बीजभाषणे ऐका, उभारी येते. पण त्यांतल्या भाकितांवर शाळेचे नियोजन करू नका. शाळांतून पुस्तके लवकरच कालबाह्य होतील आणि शिक्षण चलच्चित्रांतून होईल, असे थॉमस एडिसन १९१३ मध्येच म्हणाला होता.

रोज संध्याकाळी झोपण्यापूर्वी दिवसभरातली एकच गोष्ट सविस्तर लिहा: कोणत्या पाठात, कोणत्या दिवशी आणि कशी वापरणार. मी पहिल्या वेळी चाळीसेक पाने टिपणे काढली होती आणि ती पुन्हा उघडलीही नाहीत. दुसऱ्या वेळी तीन पाने लिहिली; त्यांतल्या एका पानावरून परतल्यानंतरच्या सोमवारी शाळेच्याच टॅब्लेटवर पाच मुलांचे आवाज मुद्रित केले, आणि त्यांतल्या दोघांनी तीच ‘चार तीनपेक्षा मोठे’ ही चूक बोलून दाखवली. मंगळवारचा पाठ मी तिथूनच सुरू केला.

निघण्यापूर्वी आणखी एक काम करा. परतल्यानंतरच्या आठवड्यातला एक मोकळा तास मुख्याध्यापकांकडून आत्ताच मागून घ्या, कारण परतल्यावर राहिलेला अभ्यासक्रम आणि तपासायच्या वह्या समोर असतात, आणि तेव्हा तो तास मिळणे फार अवघड जाते.