रॉकेटमध्ये कोण पुढे? आधी पंप बघा

प्रश्न तसे तीन आहेत: अंतराळात पहिला नंबर कोणाचा, भारत कितवा, आणि चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ यान उतरवणाऱ्या देशाला २०२४ मध्ये स्वतःचा जीसॅट-एन२ हा दळणवळण उपग्रह अमेरिकेच्या फाल्कन-९ रॉकेटवरून का पाठवावा लागला.

मोहिमांची यादी केली की पहिल्या दोन प्रश्नांवर रात्रभर भांडता येतं आणि तिसरा तसाच राहतो. माझी सगळी नोकरी पंपांच्या कारखान्यात गेली. त्यामुळे कुठलंही रॉकेट दिसलं की मी आधी त्याचा पंप शोधतो. खोडच म्हणा, पण कोण किती पाण्यात आहे ते लगेच कळतं.

अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमांच्या सॅटर्न-५ रॉकेटचं एफ-१ इंजिन घ्या. सेकंदाला अडीच टनांहून जास्त केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन त्यात जायचं, आणि अशी पाच इंजिनं खाली होती. प्रत्येकाचा टर्बोपंप, म्हणजे टर्बाइनच्या जोरावर इंधन आणि ऑक्सिजन इंजिनात ढकलणारा पंप, सुमारे ५५ हजार अश्वशक्तीचा. एकाच शाफ्टवर एका टोकाला उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन, मधे केरोसीन आणि दुसऱ्या टोकाला तापलेल्या वायूवर फिरणारी टर्बाइन. मधलं सील गळलं तर पंप राहत नाही, टेस्ट स्टँडही राहत नाही.

रशियनांनी याच्यावर कडी केली. टर्बाइन फिरवणारा वायू त्यांनी ऑक्सिजनने भरलेला ठेवला आणि काम झाल्यावर बाहेर न सोडता मुख्य ज्वलनकक्षात घातला. त्यामुळे इंधन फुकट जात नाही. पण तापलेल्या, प्रचंड दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये पोलादसुद्धा पेट घेतं. त्याला टिकणारे मिश्रधातू आणि लेप त्यांनी शोधून काढले. त्यांचं चांद्ररॉकेट एन-१ १९६९ ते १९७२ मध्ये चारही वेळा पडलं, पण ही विद्या हातात राहिली. इतकी, की अमेरिकेचं अ‍ॅटलास-५ २००२ पासून रशियन आरडी-१८० इंजिनावर उडतंय आणि अमेरिकेचे हेर-उपग्रहसुद्धा त्यावरून गेलेत! २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रायमिया बळकावला आणि वॉशिंग्टनमध्ये एकच बोंब उठली. तरी अमेरिकन इंजिनाचं नवं रॉकेट व्हल्कन पहिल्यांदा उडायला जानेवारी २०२४ उजाडलं. अमेरिकेकडे पैसा नव्हता असं कोणी म्हणणार नाही.

जपानचा किस्सा मला सगळ्यात आवडतो. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्यांच्या एच-२ चं इंजिन मध्येच बंद पडलं आणि रॉकेट समुद्रात गेलं. पठ्ठ्यांनी सुमारे तीन हजार मीटर खोल तळावरून ते इंजिन शोधून वर काढलं. हायड्रोजन पंपाच्या तोंडाशी जो इंड्यूसर, म्हणजे द्रव आत ओढणारा पंखा असतो, त्याचं पातं तुटलेलं सापडलं. कारण कॅव्हिटेशन. पात्यांजवळ दाब घसरला की द्रवात बुडबुडे होतात आणि फुटतात. त्या हादऱ्यांनी धातू थकतो. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारीचा इंपेलर खाल्ला जातो तो याच आजाराने. जपानने पंप सुधारला. पुढचं एच-२ए २०२५ पर्यंत ५० वेळा उडालं आणि एकदाच अपयशी ठरलं.

आता आपलं. १९९१ मध्ये सोव्हिएत रशियाच्या ग्लावकॉसमॉस या अंतराळ संस्थेशी क्रायोजेनिक (अतिथंड द्रव हायड्रोजन-ऑक्सिजनवर चालणारं) इंजिन आणि त्याचं तंत्रज्ञान देण्याचा करार झाला. १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान द्यायला नकार दिला. हाती आले ते रॉकेटचे सात तयार टप्पे. स्वतःचं इंजिन घेऊन आपलं जीएसएलव्ही रॉकेट १५ एप्रिल २०१० ला उडालं आणि पडलं. इंजिन पेटलं होतं, पण हायड्रोजनचा बूस्टर टर्बोपंप फिरायला लागून लगेच थांबला. सीलपाशी रोटर अडकला असावा किंवा टर्बाइनचं केसिंग फुटलं असावं, असा निष्कर्ष निघाला. जमिनीवर चाललेला पंप वर का अडकतो? द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांवर असतो. तिथे बेअरिंग आणि केसिंग एकसारखी आक्रसत नाहीत आणि मधली फट जाते. ते आकुंचन-प्रसरण हिशेबात धरून पंप बदलला आणि ५ जानेवारी २०१४ ला उड्डाण यशस्वी झालं. निर्बंधांना शिव्या घालायच्या तर घाला, पण शेवटची चार वर्षं या फटीनेही खाल्ली आहेत.

चीनलाही हेच भोवलं. २०१७ मध्ये त्यांचं लाँग मार्च-५ रॉकेट पडलं तेही हायड्रोजन इंजिनाच्या टर्बोपंपामुळे, आणि पुन्हा उडायला डिसेंबर २०१९ उजाडला. मात्र त्यानंतर ते थांबलेले नाहीत. २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूची माती घेऊन आले.

तेव्हा माझा क्रम असा: अमेरिका पहिली, आणि त्यात मोठा वाटा फाल्कन बनवणाऱ्या स्पेसएक्स या एका खासगी कंपनीचा. २०२४ मध्ये एकट्या फाल्कनची १३० हून जास्त उड्डाणं झाली, चीनची ६८, आपली ५. चीन दुसरा, आणि वेगाने जवळ येतोय. रशियाकडे इंजिनं आहेत पण नव्या मोहिमा फारशा नाहीत. त्यामागे युरोप, जपान, भारत. हायड्रोजनच्या इंजिनात आपण यांच्या पंगतीला बसलो आहोत, वजन उचलण्यात नाही.

आणि फाल्कन का, तर जीसॅट-एन२ चं वजन ४,७०० किलो. आपलं सगळ्यात मोठं रॉकेट एलव्हीएम-३ अशा उपग्रहांच्या भूस्थिर कक्षेकडे नेतं चार टनांच्या आसपास. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याने सुमारे ४,४०० किलोचा सीएमएस-०३ उपग्रह नेला. वरचा क्रायोजेनिक टप्पा ठीक आहे. अडतं ते मधल्या टप्प्यात. तिथे दोन विकास इंजिनं आहेत, मूळ सत्तरच्या दशकातल्या फ्रेंच वायकिंगवरून घेतलेली. आपल्या विक्रोळीला गोदरेजमध्ये ही बनतात. विश्वासू आहेत, पण जुन्या इंधनाची. त्यांच्या जागी केरोसीनवर चालणारं २०० टन रेट्याचं सेमी-क्रायोजेनिक (फक्त ऑक्सिजन अतिथंड असलेलं) इंजिन बसलं की पाच टनांची गोष्ट करता येईल. त्यात पुन्हा तोच रशियन पद्धतीचा, ऑक्सिजनने भरलेल्या तप्त वायूवर फिरणारा पंप आहे. मार्च २०२५ मध्ये तमिळनाडूत महेंद्रगिरीला त्याच्या पॉवर हेडची, म्हणजे ज्वलनकक्ष सोडून बाकी इंजिनाची, हॉट टेस्ट, म्हणजे प्रत्यक्ष पेटवून चाचणी, झाली: अडीच सेकंदांची. पुढच्या बातम्यांत हा सेकंदांचा आकडा तेवढा बघत राहा.