पत्र्याच्या खोलीत चौथी सीट

प्रश्न: मी ५१ वर्षांची, धाकटा भाऊ ४६चा. रतनगड, हरिश्चंद्रगड बरेचदा झालेत, गुहेत मुक्कामही केलाय. ऑगस्टमध्ये इटलीतल्या आल्प्समध्ये जातोय. तिथे डोंगरात कुणी राखणदार नसलेले निवारे असतात, बिवाक्को म्हणतात. तशा एखाद्यात ३००० मीटरच्या आसपास एक रात्र काढायची आहे. बुकिंग कुठे होतं? जेवणाचं काय? भावाला मॅटरहॉर्नवरच्या सोल्व्हे हटमध्येही राहायचंय. आणि तो घोरतो. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: भावाचा हट्ट आधी निकालात काढू. सोल्व्हे हट ४००३ मीटरवर, ह्योर्नली धारेवर आहे. जेमतेम १० जणांची, आणि तीही फक्त संकटात सापडलेल्या गिर्यारोहकांसाठी. खालून फोटो काढ म्हणावं.

बिवाक्कोचं बहुतेक ठिकाणी बुकिंग नसतंच. दार उघडं असतं, जो येईल तो आत. ग्रां पारादिसो शिखराच्या बाजूला मी राहिले तो पत्र्याचा लाल डबा होता, झोपायच्या ९ फळ्या, घोंगड्यांची चळत, एक झाडू. आम्ही चौघं ऐसपैस पसरलो होतो. अंधार पडताना सहा जण आले, भिजलेले. मग काय, मुलुंड लोकलसारखी चौथी सीट! सरकून घ्यायचं, कुरकुर करायची नाही. सगळ्या फळ्या भरलेल्या असतील हे धरूनच निघा, जमिनीवर टाकायला मॅट न्या. घोंगड्या असल्या तरी स्लीपिंग बॅग हवीच, ऑगस्टमध्येही रात्री पारा शून्याजवळ जातो.

आता जेवण. माझी फजिती सांगते. मी मुगाच्या डाळीची खिचडी करायला घेतली. ३००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पातेलं खदखदत होतं आणि डाळ कचकचीतच. अर्धा गॅस गेला, शेवटी मेतकूट-भात खाल्ला, तोही कणीदार. तुम्ही सातूचं पीठ, भाजलेल्या रव्याचा तयार उपमा, दशम्या असलं काही न्या. पाणी आत नसतं. वाटेतल्या शेवटच्या झऱ्यावर बाटल्या भरा. बर्फ वितळवायची वेळ आलीच तर पातेल्यात आधी थोडं पाणी घाला, नुसता बर्फ टाकला तर बूड करपतं. गॅसचं नळकांडं विमानात चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना सामानात. तिथेच विकत घ्या, आणि आपल्या शेगडीचा पेच त्याला बसतो का ते दुकानातच लावून बघा.

शेगडी शक्यतो बाहेर. वाऱ्यामुळे आत पेटवावी लागली तर दार किलकिलं ठेवा, कितीही थंडी वाजो. बंद पत्र्याच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. आपल्या घरच्या सिलिंडरला मुद्दाम वास घातलेला असतो, याला वासच नाही. झोप लागते आणि माणूस उठत नाही.

उंचीचंही जपा. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे तुमच्या मुक्कामाच्या निम्म्याहून थोडी जास्त. मुक्कामाच्या जागी हवेचा दाब डोंबिवलीच्या सुमारे ७० टक्केच असेल. आधी दोन रात्री २००० मीटरच्या आसपासच्या, राखणदार असलेल्या रिफ्युजिओत काढा. तिथे गरम सूपही मिळतं. वरच्या मुक्कामी डोकं दुखून उलटी झाली तर गोळी घेऊन पडून राहायचं नाही. उजेड आणि वाट धड असेल तर लगेच खाली.

मदतीचा नंबर ११२. रेंज नसेल तर टॉर्च किंवा शिट्टी मिनिटात ६ वेळा, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा ६. कुणी पाहिलं तर ३ वेळा उत्तर येतं.

सकाळी घोंगड्या घड्या घालून ठेवा, कचरा बॅगेत, आणि दाराची कडी दोनदा तपासा. उघडं राहिलं तर आत बर्फ शिरतो.

घोरण्याचं म्हणाल, तर मेडिकलमधून इअरप्लगच्या सात-आठ जोड्या घ्या. स्वतःसाठी एक, बाकीच्या शेजारच्या फळ्यांवर वाटायला.