पट्ट्या चार, नावं दोन

प्रश्न : मी तीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतो. नातीसाठी की-बोर्ड घेतला, पण त्यावर बसतो मीच. तिच्या पुस्तकात कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायच्या पट्ट्या, दिल्यात : सी सिक्स म्हणजे सी-ई-जी-ए आणि ए मायनर सेव्हन म्हणजे ए-सी-ई-जी. पट्ट्या त्याच! मग दोन नावं कशाला?
– एक वाचक, मिरज

उत्तर : काका, पियानो शिकवताना हाच प्रश्न मला पेटीवाले हमखास विचारतात, आणि उत्तर त्यांच्याच बोटांत असतं.

पांढरी एक, म्हणजे सी, सा धरा. सा, ग, प, ध एकदम दाबा. झाली सी सिक्स. सापासून सहावा तो ध, म्हणून सिक्स. म्हणजे रे गाळलेला भूप रागच की! आता त्याच पट्ट्यांत ध ला सा माना. सा, कोमल ग, प, कोमल नी; ही झाली ए मायनर सेव्हन, म्हणजे मध्यम गाळलेला धानी राग. सूर तेच ठेवून सा बदलायचा, ही मूर्च्छना तुम्हाला मी काय सांगावी?

सा कुठला, हे ठरवतो खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर. उजव्या हातानं चारही पट्ट्या धरा आणि डाव्यानं खालचा सी वाजवा. मग उजवा हात तसाच ठेवून डावा खालच्या ए वर न्या. खोलीतला दिवा कुणीतरी मंद केल्यासारखं वाटेल.

बोटं : सी वर अंगठा, ई वर तर्जनी, जी वर अनामिका, ए वर करंगळी. करंगळी चोरू नका, पेटीवाल्यांची ती खोड मला माहीत आहे. सा दुसऱ्या पट्टीवर नेला तर तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजत चार, तीन, दोन असं पुढे जायचं. पांढरी दोनपासून काळी तीन, पांढरी सहा, पांढरी सात.

गाणं सा वर येऊन थांबतं तिथे ही सिक्स कॉर्ड शोभते. मेजर सेव्हन या कॉर्डमध्ये ध च्या जागी असलेला शुद्ध नी गाणाऱ्याच्या सा ला घासतो, ध घासत नाही. बीटल्सचं १९६३चं ‘शी लव्हज यू’ सिक्सवरच संपतं. त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांना तो शेवट जुनाट वाटला होता. मला मात्र तोच आवडतो.

भैरवातल्या भजनाखाली मात्र ही लावू नका. गाणाऱ्याचा कोमल ध आणि तुमचा शुद्ध ध यांची जुंपेल, आणि मंडळी तुमच्याकडे बघतील.