जुनी स्पिटफायर वीस-पंचवीस किलोमीटरनंतर बंद पडते आणि अर्ध्या तासानं आपोआप सुरू होते. आधी काय बदलू?

काहीच बदलू नका. निदान पुढच्या दोन वेळा बंद पडेपर्यंत तरी नाही.

तुमचा प्रश्न मी असा समजलो: वणीजवळ राहता, हौसेनं जुनी ट्रायम्फ स्पिटफायर, म्हणजे ती इंग्लिश दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतली, ती तापली की बंद पडते, आणि मेकॅनिकनं कॉइल (करंटचा जोर वाढवणारी), डिस्ट्रिब्युटर (तो करंट प्लगांना वाटणारा), पेट्रोल पंप, कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा) अशी अख्खी यादी हातात दिली आहे. माझ्याकडे स्पिटफायर नाही. तिची गरीब बहीण आहे, साठच्या दशकातली दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. १९६२ साली स्पिटफायर आली ती हेराल्डचीच चासी आखूड करून, आणि दोघींची चेहरेपट्टी इटालियन डिझायनर मिकेलॉत्तीनंच काढलेली. इंग्लंडात इंजिन मोठं होत गेलं, मद्रासला बनणारी हेराल्ड शेवटपर्यंत ९४८ सीसीवरच राहिली. पण पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे डिस्ट्रिब्युटरमधले संपर्क), ते जळू नयेत म्हणून असलेला कंडेन्सर, इंजिनला बोल्टनं बसवलेला पेट्रोल पंप, पुढे कलंडणारं अख्खं बॉनेट, हे सगळं सारखंच. त्यामुळे तुमची गाडी जे नखरे करते ते मी हिंगणघाट तालुक्यात बसून बारा वर्षं सोसले आहेत.

तुमच्यासारखंच लक्षण माझ्या गाडीनं पहिल्याच वर्षी दाखवलं. घरून निघालं की वडनेरच्या अलीकडे हायवेवर दोन-चार आचके द्यायची आणि बंद. पेट्रोलचा गेज मेलेला होता, त्यामुळे पेट्रोल संपलं असंच वाटायचं. डिक्कीत पाच लिटरची कॅन असायची. झाकण उघडायचं, दोन लिटर ओतायचं, थोडा वेळ सेल्फ मारायचा, की सुरू! म्हणजे पेट्रोलच संपलं होतं, असा माझा पक्का समज. दोन महिने हेच. गाडी फार पिते म्हणून मिस्त्रीनं कार्ब्युरेटरची किट टाकली, फ्लोट बदलला, जेट बदलला. पंपावर टाकी फुल करायला गेलो की पेट्रोल मात्र अंदाजापेक्षा कमीच बसायचं. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण नाही पडला.

एकदा मात्र कॅन घरी विसरलो. रस्त्याच्या कडेला तुऱ्हाटीचा ढीग होता, त्यातली एक सरळ काडी काढली, म्हटलं टाकीत किती आहे ते तरी बघू. झाकण फिरवलं आणि ‘फुस्स’ असा आवाज आला. लांबलचक. बाहेरची हवा आत ओढली जात होती. काडी आत घातली तर वीतभर ओली. पेट्रोल होतंच, कायमच होतं. मी दोन महिने पेट्रोल ओतून नाही, झाकण उघडून गाडी सुरू करत होतो.

झालं असं होतं की चोरीच्या भीतीनं मी मूळ झाकण काढून ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानातून कुलूपवालं झाकण आणलं होतं. मूळ झाकणाला हवा आत जायला बारीक वाट होती, याला नव्हती. इंजिन पेट्रोल ओढत राहतं, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत निर्वात वाढत जातो आणि पंपाच्या त्या इवल्याशा पडद्याला एका टप्प्यानंतर ओढवत नाही. उभी ठेवली की झाकणाच्या रबरातून हळूहळू हवा झिरपते आणि अर्ध्या तासात गाडी शहाण्यासारखी सुरू. यात एक गंमत आहे, ती तुम्हाला घरबसल्या तपासता येईल: टाकी काठोकाठ भरलेली असताना गाडी लवकर बंद पडते आणि अर्धी असताना उशिरा, असं होतं का? होत असेल तर दोष झाकणात किंवा टाकीच्या हवेच्या नळीत, कारण भरल्या टाकीत हवेला पसरायला जागाच थोडी असते. मी एक मिलिमीटरच्या बिटनं भोक पाडलं. खर्च शून्य. त्याआधीच्या किटचा हिशोब बायकोला अजून सांगितलेला नाही.

पण लगेच झाकणाला भोक पाडू नका. त्याच उन्हाळ्यात गाडी पुन्हा बंद पडू लागली, पुन्हा तापल्यावरच, पुन्हा अर्ध्या तासानं सुरू. झाकण उघडलं तर फुस्स नाही. वेगळाच आजार, तोंड मात्र तेच. तेव्हा मी ज्यांच्याकडे गेलो ते कारचे मेकॅनिक नव्हतेच, जुन्या बुलेटचे मिस्त्री होते. तुम्हालाही हाच सल्ला: आजचा कारवाला स्कॅनर शोधतो, आपल्या गाडीला तो लावायला जागाच नाही. जुन्या बुलेटला पॉइंट असतात, तिच्यावर हात बसलेला माणूस तुमचा डिस्ट्रिब्युटर डोळे मिटून समजून घेतो. तर हे काका मला म्हणाले, “भाऊ, बंद पडली का तुम्ही लगेच तिले सुरू कराले पाह्यता. अन सुरू झाल्यावर माह्याकडे आणता. आता मी काय पाहू? बंद पडली रायते तवाच तिले पुसा ना, काय होऊन राह्यलं तुले.”

माझ्या उत्तराचा सगळा अर्क त्यांच्या या बोलण्यात आहे. तापल्यावर होणारा दोष गाडी थंड झाली की पसार होतो. गॅरेजमध्ये नेईपर्यंत पुरावा गेलेला असतो, म्हणून मेकॅनिक यादी देतो. तो लबाड आहे असं नाही, त्याला दिसतच नाही.

तेव्हा डिक्कीत एक जादा स्पार्क प्लग, एक पाना, पाण्याची बाटली, जुनं फडकं आणि एक रिकामी पारदर्शक बाटली ठेवा. बंद पडताना आधी लक्ष द्या, कशी पडली? आचके देत, जोर कमी होत, खोकत गेली तर बहुधा पेट्रोल. चाबी फिरवल्यासारखी खटकन गेली तर बहुधा करंट. मग सावलीत लावा, सेल्फ मारायचा मोह आवरा आणि पहिलं टाकीचं झाकण उघडून ऐका.

आवाज नाही आला तर करंट बघा. एका प्लगची वायर काढून जादा प्लगला लावा, प्लगची धातूची बाजू इंजिनच्या उघड्या लोखंडावर टेकवून ठेवा, कार्ब्युरेटरपासून लांब, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. हातात धरू नका, झटका चांगलाच बसतो. निळसर, ‘टक टक’ वाजणारी ठिणगी आली तर करंट ठीक. पिवळी, मरतुकडी किंवा गायब असेल तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा. माझ्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी झाली होती, भोवती निळी झाक. हे कंडेन्सरचं काम. बोटाच्या पेराएवढी ती डबी, थंड असताना ठणठणीत आणि तापली की आतून गळपटणारी. कंडेन्सर आणि पॉइंट दोन्ही बदलले, फिलर गेजनं फट ०.०१५ इंच ठेवली आणि तो आजार संपला. कंडेन्सर नवा आणलात म्हणून चांगलाच निघेल असं धरू नका. माझा पहिला नवा आठवडाभर टिकला. म्हणून आता चालत्या गाडीतला काढलेला जुना, खात्रीचा कंडेन्सर मी जपून ठेवतो. कॉइलही तापून जाते, पण कंडेन्सर आधी तपासा, तो स्वस्त आहे.

करंट चांगला असेल तर पेट्रोल. कार्ब्युरेटरकडे येणारी नळी सोडवा, तिचं तोंड बाटलीत धरा आणि पंपाच्या बाजूची छोटी हात-दांडी वरखाली करा. दांडी सैल, बिनजोराची लागली तर सेल्फला जरासा टिचका द्या, इंजिनातला पंप ढकलणारा उंचवटा, म्हणजे कॅम, तिला अडवून बसलेला असतो. भळाभळा पेट्रोल आलं तर पंप ठीक. बुडबुडे आणि फेस आला तर पेट्रोलची वाफ झाली आहे. हे करताना सायलेन्सर तापलेला असतो आणि कार्ब्युरेटर त्याच्या मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या गरम नळकांड्यांच्या बरोब्बर वर बसवलेला आहे, त्यामुळे एक थेंबही खाली सांडू देऊ नका आणि बघ्यांपैकी कुणाच्या तोंडात बिडी नाही ना ते पाहा. बॉनेट उघडलं की बघे जमतातच. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश म्हणजे काही बातमी नाही, आणि हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं वाफेचा त्रास वाढला असं माझं मत आहे. फडकं ओलं करून पंपावर आणि नळीवर गुंडाळा. पाच मिनिटांत सुरू झाली तर निदान पक्कं. जुने टॅक्सीवाले ओलं फडकं बांधूनच हिंडायचे, ते उगाच नाही. कायमचा उपाय म्हणजे नळी मॅनिफोल्डपासून दूर वळवणं आणि मध्ये पत्र्याचा आडोसा. जुनी रबरी नळी आणि पंपाचा पडदा मात्र या इथेनॉलपायी बदलाच, ते फुगतात आणि चिरतात. तुमच्या यादीतली एवढी एकच गोष्ट मला मान्य आहे.

विचारलं नाहीत तरी एक सांगतो, कारण बंद पडण्यापेक्षा ते जास्त धोक्याचं आहे. पुढच्या चाकांच्या आत खाली पितळी ट्रनियन आहेत, स्टिअरिंग फिरतं ते त्यांच्यावर. सर्व्हिसिंगवाला ग्रीसची गन घेऊन येईल, त्याला हात धरून थांबवा. तिथं ग्रीस नाही, ९० नंबरचं गियर ऑइल जातं, ट्रॅक्टरच्या दुकानात मिळतं. ग्रीस आटून दगड होतं, आट्यांपर्यंत पोचत नाही, आत पाणी शिरून गंज चढतो आणि एखाद्या वळणावर ट्रनियनमध्ये आट्यांनी बसलेली लोखंडी कांब मोडून चाक आडवं होतं. गाडी घेतली तेव्हा मी उघडून पाहिलं तर आत वाळलेलं काळं ग्रीस होतं, खिळ्यानं खरवडून काढावं लागलं. दोन्ही बाजू खोलून धुवा, ऑइल भरा, मगच वणी रोडवर वेग काढा.

पार्टसाठी चेन्नईच्या पुदुपेट या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात फोन फिरवा. नाहीच मिळालं तर इंग्लंडमधून मागवता येतं, या गाड्यांचं बरंच सामान तिकडे अजून नवं बनतं. कस्टमचे पैसे मात्र जोडून हिशोब करा.

पुढच्या वेळी बंद पडली की तीन गोष्टी इथं कळवा: खटकन पडली की आचके देत, झाकण उघडल्यावर आवाज आला का, आणि ठिणगीचा रंग काय होता. टाकी किती भरलेली होती तेही लिहा.