पाकीट तुम्ही आणलंत, ताई

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: "मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. दीड वर्ष डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. कशात मन लागत नाही, अंघोळीलासुद्धा चारदा सांगावं लागतं. हिशेब चुकतात, मालक दोनदा बोलले. दिवाळीनंतर त्यांनी आपणहून सिगारेट सोडलेली, पण इतकी चिडचिड आणि रडारड, की आठव्या दिवशी मी दूध आणायला गेले तेव्हा मीच पाकीट आणून दिलं. घर शांत झालं. पण उदासी काही जात नाही. डॉक्टर बदलावा का? सासूबाई म्हणतात, बाहेरचं काही असेल तर बघून घेऊ."

ताई, डॉक्टर आणि बाहेरचं दोन्ही बाजूला ठेवा. चार पानांत पाकिटाची एकच ओळ आहे आणि मला तिच्यावरच बोलायचं आहे.

ज्या माणसाला अंघोळीला उठवत नाही, त्याने कुणी न सांगता वीस वर्षांची सिगारेट सोडली आणि सात दिवस काढले. तुमच्या अख्ख्या पत्रात यापेक्षा मोठं काम कुणी केलेलं नाही. त्याची नोंद तुम्ही 'चिडचिड आणि रडारड' अशी केलीत. मला वाईट वाटलं, आणि रागही आला.

त्या सात दिवसांत काय चाललं होतं ते समजून घ्या. रक्तातलं निकोटिन दोनेक तासांत निम्म्यावर येतं आणि तलफ सुरू होते. झोप उडते, जीव घाबरा होतो, डोळ्यांत पाणी येतं. पुढची सिगारेट ओढली की हे थांबतं, म्हणून सिगारेटने बरं वाटलं असं माणूस समजतो. सावकाराने आधी खिसा रिकामा करायचा आणि मग त्यातलाच रुपया देऊन उपकार दाखवायचा, तसला हा व्यवहार. सिगारेट सोडल्यावरचा हा त्रास पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतो, मग उतरत जातो. बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तुमचे मिस्टर चढाचा अवघड भाग चढून गेले होते. आठव्या दिवशी घर शांत झालं ते तलफ भागली म्हणून. त्यांचा आजार होता तिथेच राहिला.

सिगारेट सुटली तर उदासी वाढेल, ही भीती पुष्कळ घरांत असते. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यास एकत्र करून पाहिलेले निष्कर्ष आले. सिगारेट सोडणाऱ्यांची उदासी आणि चिंता, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झाली होती. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांमध्येही तसंच दिसलं. ही निरीक्षणं आहेत. सोडल्यामुळेच बरं वाटलं असं त्यावरून छातीठोक म्हणता येणार नाही. पण सोडल्याने माणूस खचतो, या समजाला त्यात आधार सापडत नाही.

शिवाय दात-ओठ खाऊनच सोडायला हवी असंही नाही. २०१६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सिगारेट सोडवणाऱ्या औषधांची, आठ हजारांहून अधिक लोकांवरची चाचणी छापून आली. त्यातल्या निम्म्या लोकांना मानसिक आजार होता किंवा पूर्वी होऊन गेला होता. व्हॅरेनिक्लीन, बुप्रोपिऑन आणि निकोटिनची पट्टी, तिन्हींचा उपयोग औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा जास्त झाला, व्हॅरेनिक्लीनचा सर्वांत जास्त. आणि या औषधांमुळे मन बिघडण्याचं प्रमाण खोट्या गोळीच्या मानाने लक्षणीय वाढलं नाही. यातलं बुप्रोपिऑन तर मुळात डिप्रेशनचंच औषध. मात्र कुणाला काय चालेल हे डॉक्टरांनी ठरवायचं; फिट येणाऱ्याला बुप्रोपिऑन देत नाहीत. मेडिकलमधून परस्पर काही आणू नका.

सिगारेट बंद झाली की धूरही बंद होतो, आणि मनाच्या आजारावरच्या काही औषधांचं रक्तातलं प्रमाण त्यामुळे बदलतं. म्हणून सिगारेट सोडली, पुन्हा धरली, हे डॉक्टरांना कळायलाच हवं. तुम्ही ते सांगितल्याचं पत्रात कुठे नाही. अर्धीच गोष्ट माहीत असलेल्या डॉक्टरला बदलून काय होणार?

तेव्हा उद्या सकाळी फोन करून नंबर लावा आणि मिस्टरांबरोबर आत जाऊन बसा. त्यांच्यासमोर, तुमच्या तोंडाने सांगा: "यांनी सात दिवस सोडली होती, आठव्या दिवशी पाकीट मी आणलं. पुन्हा सोडायची आहे, औषधाची मदत द्या." हे त्यांनी तुमच्याकडून ऐकणं फार गरजेचं आहे. दीड वर्षात त्यांना जमलेली एक गोष्ट कुणीतरी मोजली, हे त्यांना कळेल.

मधल्या काळात ते जगण्यात अर्थ नाही असं काही बोलले, तर नंबराची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोनही चोवीस तास चालू असतो. तंबाखू सोडण्यासाठी मदत करणारा १८००-११-२३५६ हा नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. पुन्हा तलफेची संध्याकाळ आली, तर टपरीवर न जाता तो त्यांना लावून द्या आणि बोलणं होईपर्यंत शेजारी बसा. दूध आणायला मुलीला पाठवा.