मायक्रोसिलिका घातली, तरी काँक्रीट बिघडलं कशानं?

प्रश्न: सिमेंटच्या 10 टक्के मायक्रोसिलिका (सिलिकाची अतिबारीक पावडर) घातली. माल इतका चिकट झाला की मिक्सरमधून उतरेना, म्हणून वरून पाणी वाढवलं. 28 दिवसांच्या क्यूबची (चाचणीच्या ठोकळ्याची) ताकद साध्या काँक्रीटएवढीच आली. पावडर निकृष्ट होती का?

उत्तर: पावडरीला दोष देण्याआधी वरून किती पाणी ओतलं ते आठवा. मायक्रोसिलिकाचा कण सरासरी 0.1 ते 0.2 मायक्रॉनचा, सिमेंटच्या कणाच्या जवळपास शंभराव्या हिश्शाएवढा. एक किलो पावडरीतल्या कणांचा एकूण पृष्ठभाग 15 ते 30 हजार चौरस मीटर भरतो. तो ओला करायला पाणी लागणारच. ही तहान सुपरप्लास्टिसायझरने, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणाऱ्या रसायनाने भागवायची, पाण्याने नाही. सुपरप्लास्टिसायझर नसेल तर मायक्रोसिलिका घालूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एक घनमीटरसाठी सुरुवात अशी करा: सिमेंट 370 किलो, मायक्रोसिलिका 30 किलो, पाणी 160 लिटर. पाण्याचं गुणोत्तर दोन्ही पावडरी मिळून 400 किलोवर काढायचं, म्हणजे ते 0.40 येतं. पॉलिकार्बोक्झिलेट जातीचा सुपरप्लास्टिसायझर 0.8 ते 1.2 टक्के धरून आधी चाचणी मिश्रण करा. वाळूच्या ओलाव्याकडे तर हमखास दुर्लक्ष होतं. 700 किलो वाळूवर 4 टक्के मोकळं पाणी असेल तर 28 लिटर नकळत आत जातात आणि 0.40 चं 0.47 होतं. ताकद इथेच गेली! हा माल मुळातच चिकट असतो, म्हणून स्लम्प (साचा उचलल्यावर ओला माल किती खचतो ते माप) नेहमीपेक्षा 40 ते 50 मिलिमीटर जास्त धरा; तोही सुपरप्लास्टिसायझरने वाढवा.

प्रश्न: फोडलेल्या क्यूबमध्ये राखाडी गोळ्या दिसतात. त्या कसल्या?

उत्तर: न सुटलेल्या मायक्रोसिलिकाच्या. वाहतुकीच्या सोयीसाठी ही पावडर दाबून दाणेदार केलेली असते. ते दाणे मिक्सरमध्ये खडीच्या घर्षणाने फुटावे लागतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी तीन चतुर्थांश पाणी आणि खडी, मग फिरत्या मिक्सरमध्ये हळूहळू मायक्रोसिलिका. दीड मिनिट फिरवा. नंतर सिमेंट, आणखी दीड मिनिट. शेवटी वाळू, उरलेलं पाणी आणि सुपरप्लास्टिसायझर. मग 5 मिनिटं फिरवा, 3 मिनिटं थांबा, पुन्हा 5 मिनिटं फिरवा. ही वेळ लहान मिक्सरसाठी आहे. पिशवी कागदी असली तरी न फाडता आत टाकू नका.

गोळी राहिली की नुसती पावडर वाया जात नाही. सिमेंट भिजताना सुटणाऱ्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी सिलिकाचा संयोग होऊन नवा बांधणारा जेल तयार होतो आणि खडीभोवतीचा सच्छिद्र थर भरून निघतो. क्षार सळईपर्यंत पोचायला वेळ लागतो तो या भरणीमुळे, आणि आमच्या मते मायक्रोसिलिकाचा खरा फायदा ताकदीपेक्षा हाच. गोळीत अडकलेली सिलिका हे काम करत नाही. उलट मोठी गोळी सिमेंटमधल्या अल्कलीशी मिळून फुगूही शकते.

प्रश्न: स्लॅब ओतल्यावर दोन-तीन तासांत भेगा पडल्या. हे कशामुळे?

उत्तर: साध्या काँक्रीटवर पाणी सुटून वर येतं आणि पृष्ठभाग काही काळ ओला राहतो. मायक्रोसिलिकाच्या मालात ते जवळजवळ येतच नाही. ऊन-वारा वरचा थर सुकवतो, तो आकसतो आणि माल कोवळा असतानाच फाटतो. वर पाणी दिसण्याची वाट पाहू नका. ओतल्या ओतल्या बारीक तुषार मारत राहा, फिनिशिंग झालं की लगेच ओलं गोणपाट किंवा प्लास्टिक अंथरा आणि किमान 7 दिवस ओल टिकवा. वारा अडवायला आडोसा केला तर उत्तम. फिनिशिंग सोपं जावं म्हणून वरून पाणी शिंपडून थापी फिरवू नका, त्याने वरचा थर सोलून निघतो.

प्रश्न: मायक्रोसिलिकाऐवजी दळलेल्या क्वार्ट्झची पावडर चालेल?

उत्तर: नाही. दोन्हींत सिलिकाच असली तरी क्वार्ट्झ स्फटिकरूप असतो आणि नेहमीच्या तापमानाला संयोग पावत नाही. तो फक्त जागा भरतो. शिवाय त्याची धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. मायक्रोसिलिका स्फटिकरूप नसते, तरीही पिशवी फोडताना चांगला मास्क लावाच.